आधी मशवरा, मग प्रोग्राम
प्रोग्राम बिनचूक चालतो, पण दुकानातला मुनीम त्याला हात लावत नाही. मग मेहनत आणि पैसा दोन्ही वाया! 2001 साली अमेरिकेत 17 जाणकारांनी 'अ‍ॅजाइल' पद्धतीचा जाहीरनामा काढला : थोडे थोडे काम करून ग्राहकाला दाखवत जावे. त्यात वापरणाऱ्याची सोय पाहणाऱ्या डिझायनरचा वेगळा उल्लेख नव्हता. टोरांटोच्या एलिअस कंपनीने यावर तोडगा काढला. लिन मिलर यांनी तो 2005 मध्ये मांडला. तिथे डिझायनर प्रोग्रामरच्या एक फेरी पुढे चाले. कच्चा नमुना वापरणाऱ्यांना दाखवून चुका आधीच सुधारल्या जात, मगच प्रोग्राम लिहिला जाई. कामाआधी मशवरा करण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात उतरणाऱ्या आपल्या तरुणांनी मुनिमालाही मशवऱ्यात बसवावे.