जुना सर्व्हर घरी आणताना

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील कित्येक कुटुंबांचा एक पाय गावात, तर दुसरा मुंबईत असतो. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली आणि गावच्या घरीही एखादा दणकट संगणक असावा, ही कल्पना अशा घरांना अनोळखी राहिली नाही. नवा संगणक घ्यायचा तर खर्च मोठा. मग नजर जाते ती जुन्या सर्व्हरकडे. बड्या कंपन्या काही वर्षांनी आपले सर्व्हर बदलतात. निवृत्त झालेली ही यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा इंटरनेटवर मूळ किमतीच्या अल्पशा अंशात मिळू शकतात.

इंटेलचा 'झिऑन ई५-२६७०' हा आठ कोअरचा प्रोसेसर २०१२ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याची किंमत दीड हजार डॉलरच्या घरात होती. चारच वर्षांत अमेरिकेतील जुन्या बाजारात तो शंभर डॉलरच्या आत मिळू लागला. प्रोसेसर बिघडले होते, असे नव्हे. हजारो यंत्रे अहोरात्र चालविणाऱ्यांना एका युनिट विजेत किती काम होते, हा हिशेब महत्त्वाचा असतो आणि त्यात नवी पिढी सरस ठरते. म्हणजे ज्या विजेच्या खर्चामुळे हे यंत्र तेथून बाहेर पडले, तोच खर्च ग्राहक स्वस्ताईच्या आनंदात घरी घेऊन येतो.

दोन प्रोसेसरचा त्या काळातील सर्व्हर काहीही काम नसताना १०० ते १५० वॉट वीज सहज ओढतो. सरासरी १२० वॉट धरले आणि यंत्र दिवसरात्र चालू ठेवले, तर महिन्याला सुमारे ८६ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरल्यास वर्षाचा आकडा दहा हजारांवर जातो. त्यातून घराचा एकूण वापर वरच्या टप्प्यात गेला, तर वाढीव दराचा फटका निराळाच. आजचा छोटा डेस्कटॉप रिकामा असताना याच्या जेमतेम तिसऱ्या-चौथ्या हिश्शात भागवतो.

दुसरा प्रश्न आवाजाचा. रॅकमध्ये बसणाऱ्या 'वन-यू' सर्व्हरची उंची अवघी पावणेदोन इंच. एवढ्याशा जागेत ४० मिलिमीटरचे पंखे मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतात. तो कर्कश आवाज डेटा सेंटरमध्ये कोणाला खुपत नाही. माजघरात मात्र झोप उडवील. शिवाय अशा यंत्राला बहुधा ध्वनीची सोय नसते. चित्र दाखविणारी चिप केवळ देखरेखीपुरती असते आणि यंत्र सुरू व्हायलाच काही मिनिटे लागतात. कोअर पुष्कळ असले तरी पत्र लिहिणे, वेबपाने उघडणे अशा कामांत एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा असतो. तेथे आजचा साधा प्रोसेसरही या जुन्या झिऑनला मागे टाकतो.

मग सर्व्हरमध्ये घेण्याजोगे काही नाहीच का? आहे, आणि ते म्हणजे त्याची 'ईसीसी' मेमरी. साध्या मेमरीत ६४ बिट माहितीच असते. येथे तिच्या जोडीला तपासणीचे ८ बिट असतात. त्यामुळे एखादा बिट उलटला तर यंत्र ती चूक स्वतः दुरुस्त करते आणि दोन उलटले तर निदान इशारा देते. गूगल आणि टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत गूगलच्या ताफ्यातील आठ टक्क्यांहून अधिक मेमरी-पट्ट्यांत वर्षभरात किमान एक चूक आढळली होती. कुटुंबाची छायाचित्रे, जमिनीची कागदपत्रे यांचा साठा करणाऱ्याला हा गुण मोलाचा आहे. मात्र सर्व्हरच्या 'रजिस्टर्ड' पट्ट्या साध्या मदरबोर्डवर चालत नाहीत. सर्व्हरच्या 'सॅस' डिस्कही साध्या 'साटा' जोडणीला लागत नाहीत. सुटे भाग घेताना फसगत होते ती बहुधा येथेच.

शिवथरच्या खोऱ्यात आणखी एक पाहुणा असतो, तो म्हणजे पाऊस. वरंध घाटाच्या पायथ्याच्या या भागात भर पावसाळ्यात भिंतींना ओल धरते. डेटा सेंटरसाठी १८ ते २७ अंश तापमान आणि नियंत्रित आर्द्रता यांची शिफारस केली जाते. येथे यंत्राचे पंखे दमट हवाच आत खेचत राहणार. वीज गेली तर १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीतून प्रत्यक्षात हजार-बाराशे वॉट-तासच हाती लागतात. घरातील दिवे-पंखे बंद ठेवले तरी कामात गुंतलेला, अडीचशे वॉट ओढणारा सर्व्हर त्यावर चार-पाच तास तगेल. जुलै २०२१ च्या महापुरात महाड परिसराची वीज आणि दूरध्वनी सेवा कोलमडली होती, हे येथील रहिवाशांना वेगळे सांगावयास नको.

त्या पुराने दुसरीही गोष्ट दाखवून दिली. दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारी 'रेड' रचना डिस्क बिघडली तर उपयोगी पडते. पाणी घरात शिरले की दोन्ही डिस्क एकाच वेळी जातात. समर्थ रामदासांनी शिवथरघळीत दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर असून पोथ्या जपण्यासाठी मेणकापड, पेट्या आणि कुलुपे यांचाही त्यात उल्लेख येतो. आजच्या घरी त्या पेटीची जागा मुंबईतील नातेवाइकाकडे ठेवलेली एक जादा डिस्क घेऊ शकते. तिचा खर्च सर्व्हरच्या वर्षभराच्या विजेहून कमीच पडावा.

इतके असूनही ज्यांना घ्यायचेच आहे, त्यांनी रॅकचे यंत्र टाळून एका प्रोसेसरचे टॉवर सर्व्हर किंवा वर्कस्टेशन पाहावे. त्यात मोठे, संथ पंखे असतात, ईसीसी मेमरीची सोय असते आणि ग्राफिक्स कार्डालाही जागा मिळते. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असून 'ई५' पिढीचे झिऑन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे लिनक्स वापरण्याची तयारी हवी. पैसे मोजण्यापूर्वी दुकानातच यंत्र अर्धा तास चालवून वॉटमीटर लावून पाहावे, मेमरीची चाचणी घ्यावी आणि गावी नेण्याआधी घरातील अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.