चाक काढून पट्टा : बर्फासाठी मोटारसायकल तयार करताना

शाहूपुरीत बसून बर्फातल्या मोटारसायकलीबद्दल बोलायचं म्हटलं की काहींना गंमत वाटेल. पण आपली मुलं आता भर हिवाळ्यात लडाख-काश्मीरला गाडी नेण्याच्या गोष्टी करतात. तेव्हा हे यंत्र नीट समजून घेऊ.

सुरुवात भातखाचरापासून करू. गगनबावडा, राधानगरीकडे चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात. कशासाठी? वजन पसरावं आणि पकडही मिळावी म्हणून. बर्फाचा न्यायही तोच. टायर जमिनीवर जो दाब टाकतो तो साधारण त्यातल्या हवेच्या दाबाइतका असतो. मातीतल्या गाडीला समजा दर चौरस सेंटिमीटरला ०.८ किलो. आता मागच्या चाकाच्या जागी ३० सेंटिमीटर रुंद पट्टा आला आणि त्याचा १३० सेंटिमीटर भाग बर्फावर टेकला, तर क्षेत्र झालं ३,९०० चौरस सेंटिमीटर. गाडी आणि स्वार मिळून २४० किलो धरले आणि सगळा भार पट्ट्यावरच टाकला, तरी दाब येतो ०.०६ किलो. म्हणजे तेराव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून चाक रुततं आणि पट्टा तरतो.

अशा जोडसंचाला 'ट्रॅक किट' म्हणतात. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातली टिंबरस्लेड ही यातली नावाजलेली कंपनी. २०१५ मध्ये पोलारिसने ती विकत घेतली. किट बसवताना मागचं चाक आणि ते धरणारा दांडा निघतो, तिथे पट्ट्याची चौकट येते आणि इंजिनाची साखळी पट्टा फिरवते. पुढच्या चाकाच्या जागी एक रुंद स्की येते. पुढचं चाकच नाही म्हटल्यावर पुढचा ब्रेक गेला. थांबवण्याचं काम सगळं पट्ट्याकडे.

इथे पुष्कळांना वाटतं, झालं, गाडी तयार! नाही. मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतात, रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? उत्तर असं की यातला एकही भाग म्हणजे रथ नव्हे. भाग एकत्र आले की आपण त्याला रथ हे नाव देतो. आम्ही त्यात एवढीच भर घालू, की यंत्रातला प्रत्येक भाग काहीतरी गृहीत धरून बनवलेला असतो. मातीतली गाडी ऊबदार हवा गृहीत धरते. चाक बदललं तरी ती गृहीतकं आतमध्ये तशीच राहतात.

एकेक बघू. या गाड्यांचे रेडिएटर इंजिन गार ठेवायला असतात. कडाक्याच्या थंडीत ते फारच गार करतात. मग न जळलेलं पेट्रोल आणि बाष्प तेलात उतरतं, तेल पातळ होतं, इंजिन झिजतं. म्हणून पाण्याच्या वाटेत थर्मोस्टॅट बसवायचा. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, ते गोठून फुगतं. ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तर उणे ३५ अंशांपर्यंत चिंता नाही. तेल थंडीतही वाहणारं हवं. हवेच्या फिल्टरवर भुरभुरीत बर्फ बसून इंजिनाचा श्वास कोंडतो, त्याला पाणी न धरणारं आवरण घालायचं. इंजिनाची वाफ बाहेर सोडणारी नळी टोकाला गोठते. तिला वर एक जादा छिद्र ठेवतात, नाहीतर आतला दाब सील फोडून बाहेर पडतो.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर आणखी एक पेच. गार हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. उंचावर हवा विरळ होते, तिथे कमी लागतं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे दोन्ही गोष्टी एकदम येतात. जेट तिथल्या हवेप्रमाणेच ठरवावा लागतो.

आणखी एक ध्यानात ठेवा. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो, त्यांना बर्फच ओलावा आणि गारवा देतो. डांबरी रस्त्यावर किंवा कडक बर्फावर तसंच दामटलं तर त्या तापून वितळतात.

शेवटी स्वार. मनगटाला बांधायची दोरी हवीच; माणूस पडला की इंजिन बंद झालं पाहिजे. उतारावर जायचं तर हिमस्खलनात माणूस शोधायचं संदेशयंत्र, लांब काठी आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर हवं, गाडीवर बांधलेलं नको, कारण गाडी दुसरीकडे वाहून जाते. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचिनच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि १० जवान गेले. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातलाही एक होता. गाडला गेलेला माणूस वाचण्याची खरी आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते. तेवढ्यात बाहेरून मदत येत नाही. सोबती असेल तोच वाचवतो. म्हणून एकट्याने जायचं नाही.

पहिली फेरी सपाटीवर, वस्तीजवळ, तासाभराची करावी. परत आल्यावर साखळीचा ताण, पट्ट्याचा ताण आणि प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासावा. मगच डोंगराकडे बघावं.