धुळीआड जन्मणारे तारे

सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांच्या ‘महाभास्करीय’ ग्रंथात मध्यरेखेवरच्या, म्हणजे प्राचीन भारतीय शून्य रेखांशावरच्या, स्थळांची यादी आहे. लंकेपासून निघून अवंती (उज्जैन), स्थानेश्वर करत मेरूपर्यंत जाणाऱ्या त्या यादीत वात्स्यगुल्माचेही नाव येते. वात्स्यगुल्म म्हणजे वाशिम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आजच्या मोजणीनुसार वाशिम उज्जैनच्या एक अंशाहून थोडे अधिक पूर्वेला भरते. तरीही मध्यमेश्वराच्या देवळातून ती रेषा जाते, असे गावात अजून सांगतात. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या ज्योतिर्गणितात ज्या गावाचे नाव आहे, तिथल्या वाचकाला आजचे खगोलशास्त्र काय शोधते आहे हे सविस्तर सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

दिवाळीची अमावस्या त्यासाठी सोयीची. मानोरा किंवा रिसोडकडच्या एखाद्या शिवारात, गावच्या दिव्यांपासून दूर उभे राहिले, तर संध्याकाळी पश्चिमेकडे आकाशगंगेचा पट्टा उतरताना दिसतो. हंस तारकासमूहापासून श्रवणाच्या ताऱ्याकडे येताना हा पट्टा मधोमध दुभंगलेला आहे. त्या काळ्या फटीत तारे नाहीत असे भल्याभल्या निरीक्षकांना वाटत होते. तारे आहेतच, त्यांच्या आणि आपल्या मध्ये धूळ आहे. वाळूतल्यासारखी सिलिकेटे आणि कार्बन यांचे हे कण बहुतेक एका मायक्रोमीटरहूनही लहान असतात. निळा आणि अतिनील प्रकाश ते सर्वांत जास्त अडवतात. आणि याच धुळीत जन्मणारे मोठे तारे नेमका तोच प्रकाश भरभरून फेकतात. म्हणजे तारे जिथे जन्मतात तिथेच आपली दृष्टी सर्वांत कमी पोचते.

पण अडवलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. कण तापतात. तापतात म्हणजे किती, तर निरपेक्ष शून्याच्या वर वीस-तीस अंश. नव्या ताऱ्यांच्या शेजारी त्याहून बरेच जास्त. एवढ्या थंड वस्तूचे प्रारण अवरक्त असते, मुख्यतः ६० ते २०० मायक्रोमीटर तरंगलांबीचे. ज्या दीर्घिकेत तारे झपाट्याने जन्मतात, तिची धूळ या तरंगलांब्यांत तेवढीच प्रखर दिसते. त्यामुळे धुळीची ऊब मोजली की दरवर्षी किती सूर्यांएवढे नवे तारे तयार होतात याचा हिशेब मांडता येतो. विश्वातल्या ताऱ्यांनी आजवर दिलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ निम्मा धुळीने गिळून अवरक्तात परत केला आहे. केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशावर विसंबलो असतो, तर निम्मा इतिहास हातचा गेला असता.

त्याच रात्री नऊच्या सुमारास डोक्यावर, किंचित उत्तरेला, देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका दिसतो. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. स्पिट्झर दुर्बिणीच्या अवरक्त छायाचित्रांत तिचा गुळगुळीत उजेड बाजूला पडतो आणि धुळीची तेजस्वी कडी उठून दिसतात. नवे तारे बहुतांशी तिथेच जन्मत आहेत.

धुळीची ही ऊब वाशिमहून का मोजता येत नाही? हवेतली वाफ दूरचे अवरक्त किरण शोषून घेते. शिवाय हवा आणि दुर्बीण स्वतःच अवरक्तात चमकतात. भर दुपारी काजवे शोधावेत तसे ते काम होते. म्हणून उंच जावे लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यासाठी फुगे वापरले. हैदराबादहून हायड्रोजनचा प्रचंड फुगा सोडायचा, त्याला १०० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण टांगायची आणि तीसेक किलोमीटरवर, जवळजवळ सगळ्या वातावरणाच्या वर, रात्रभर निरीक्षण करायचे. संवेदक द्रवरूप हेलियमने ०.३ केल्विनपर्यंत गार केलेले. पुढे जपानी संशोधकांचा वर्णपटमापक जोडून आयनीभूत कार्बनची १५८ मायक्रोमीटरची रेषाही टिपली गेली. तारे घडवणाऱ्या ढगांतला वायू बराचसा याच रेषेतून निवतो. ही निरीक्षणे आपल्याच आकाशगंगेतल्या तारकाजन्माच्या प्रदेशांची होती. दीर्घिकांच्या अवरक्त प्रकाशाचा अर्थ लावायचा तर आधी असे घरचे ढग नीट कळावे लागतात. म्हणून ते काम मला फार मोलाचे वाटते, आणि त्याच्याबद्दल मराठीत फारच कमी लिहिले गेले आहे.

१९८३ साली आयरास या उपग्रहाने दहा महिन्यांत जवळजवळ संपूर्ण आकाश अवरक्तात पाहिले. त्या नोंदी पुढे वर्षानुवर्षे कामी आल्या. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे माधव पाटील, रायपूरचे एस. के. पांडे, तसेच डी. के. साहू आणि पुण्याच्या आयुकातले अजित केंभावी यांचा २००७ सालचा शोधनिबंध लंबवर्तुळाकार आणि तत्सम दीर्घिकांमधल्या धुळीवर आहे. या दीर्घिका सर्पिल नव्हेत. त्यांत धूळ नसतेच, असा एके काळी समज होता. दृश्य प्रकाशातल्या सावल्यांवरून काढलेले धुळीचे वस्तुमान आयरासच्या उष्णतेवरून काढलेल्या वस्तुमानापेक्षा कमी भरते. सावली न पाडता पसरलेली धूळ फक्त अवरक्तातच सापडते.

अवरक्तातच पाहणारी जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेली. तिचा आरसा ६.५ मीटरचा. जानेवारी २०२४ मध्ये तिने घेतलेली १९ जवळच्या सर्पिल दीर्घिकांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्यांत भुजांच्या बाजूने धुळीचे धागे आणि मध्ये गोल पोकळ्या दिसतात. मोठ्या ताऱ्यांच्या झोताने आणि स्फोटांनी धूळ लोटली जाऊन त्या पोकळ्या झालेल्या आहेत.

मग २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याची बातमी आली. खोडदचा रेडिओ दुर्बीणसमूह चालवणाऱ्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या छायाचित्रांत एक रेखीव सर्पिल दीर्घिका शोधली. तिचे नाव अलकनंदा. तिच्या आणि आपल्या मध्ये आबेल २७४४ हा दीर्घिकासमूह आहे. त्याच्या गुरुत्वाने ती दुपटीच्या आसपास उजळ दिसते. महास्फोटानंतर केवळ दीड अब्ज वर्षांनी दोन सुबक भुजा, ३० हजार प्रकाशवर्षांचा विस्तार आणि दरवर्षी सुमारे ६० सूर्यांएवढे नवे तारे! आपल्या आकाशगंगेच्या वीसेकपट हा वेग आहे. इतक्या लवकर अशी तबकडी घडत नसावी, अशी अपेक्षा होती.

इथे अवरक्ताचे काम वेगळे आहे. विश्वाच्या प्रसरणाने अलकनंदेचा प्रकाश सुमारे पाचपट ताणला गेला आहे. हायड्रोजनची तांबडी रेषा ०.६५६ वरून ३.३ मायक्रोमीटरवर सरकते. वेब पाहते ते ताऱ्यांचेच तेज, धुळीची ऊब नव्हे. ती ऊब पाचपट ताणून थेट मिलिमीटरच्या जवळ पोचते आणि तिच्यासाठी चिलीतल्या आल्मासारख्या दुर्बिणी लागतात. तबकडीतला वायू शांतपणे फिरतो आहे की खळबळलेला आहे, हे त्याच्या गतीवरून ठरेल. भुजा कशा तयार झाल्या याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे, आणि ते मोजमाप आता पुढच्या निरीक्षणांत करायचे आहे.