खडकवासला: चार धरणांचं शेवटचं दार

पावसाळ्यात पुणेकर सकाळी एकमेकांना विचारतात, 'खडकवासल्यातून किती सोडलंय?' उत्तर क्युसेकमध्ये येतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. हे गणित कुणी करत बसत नाही. पण आकडा वीस हजारांकडे सरकला की भिडे पूल पाण्याखाली जाणार, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

मुठा नदीवरचं हे दगडी धरण १८७९मध्ये पुरं झालं. कर्नल फाइफ या अभियंत्याच्या नावावरून इंग्रज त्याच्या तलावाला 'लेक फाइफ' म्हणत. वरच्या अंगाला पुढे पानशेत, वरसगाव आणि टेमघर झाली. चौघांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं खडकवासल्याच्या पोटात दोनही नाही. वयानं थोरलं, पोटानं सगळ्यात धाकटं. पण तिघांचं पाणी शहराकडे यायचं तर याच्याच दारातून. शेतीचं पाणी उजव्या कालव्यानं थेट इंदापूरकडे जातं, तेही इथूनच.

१२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं झालेलं नव्हतं. खचू लागलेल्या बांधावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून ते फुटायला सकाळ उजाडली आणि पुणं जागं असताना पूर आला. त्या पोत्यांनी किती जीव वाचवले, याचा हिशेब कुठेच नाही. लोंढा खडकवासल्यावर आदळला. ८२ वर्षांची भिंत डोक्यावरून पाणी वाहत असताना काही काळ तग धरून राहिली, मग तिलाही खिंडार पडलं. नदीकाठच्या पेठा बुडाल्या. जुनी माणसं अजून 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' असंच बोलतात. भिंत पुन्हा बांधली गेली.

त्याच पाण्याच्या काठाला आज चौपाटी आहे. रविवारी पावसाची भुरभुर सुरू झाली की सिंहगडाच्या वाटेवर गाड्यांची रांग लागते. शेगडीवर कणीस तडतडतं, मावशी अर्ध्या लिंबाला तिखटमीठ लावून ते दाण्यांवरून खसाखसा फिरवतात, शेजारच्या कढईत कांदाभजी. पलीकडच्या काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे (एनडीए) छात्र बोटी चालवायला शिकतात. हौशी मंडळी मात्र पोहता येत नसतानाही पाण्यात उतरतात. तळाला गाळ आहे, आणि काठापासून चार पावलांवर पाणी किती खोल आहे ते वरून दिसत नाही.

धरण म्हातारं झालं, म्हणून काळजी करणारे पुष्कळ भेटतात. मला धास्ती वाटते ती भिंतीखालच्या नदीची. भराव टाकून, बांधकामं करून आपण तिचं पात्र आवळत आणलं, आणि धरणाला मात्र जादा पाणी पोटात ठेवायला जागा नाही. २५ जुलै २०२४च्या पहाटे सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत लोकांना जाग आली तेव्हा घरात पाणी होतं.

नदीपात्रात गाडी लावणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टात तरी रात्री क्युसेकचा तो आकडा बघूनच झोपावं.