जाऊबाईंचा ब्लॉक

मंडळी, आपल्या गणपतीत दोनशे मोदक वळणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाई आठवतात ना? नाशिकच्या, वय ७४. यंदा त्या का येणार नाहीत, असं बऱ्याच जणी विचारतात म्हणून लिहिते.

खोकला जाईना म्हणून तपासलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. तोही पसरलेला. बाईंनी जन्मात मिश्रीसुद्धा लावली नाही! दीर फोनवर म्हणाले, "या वयात केमो झेपायची नाही गं. घरीच ठेवतो तिला."

मी इथे लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. विचारलं, "भाऊजी, बायॉप्सीचा ब्लॉक कुठे आहे?"

काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. त्यातून ट्यूमरच्या जीन्सची तपासणी होते. पेशीवर ईजीएफआर नावाचं एक प्रोटीन असतं. 'वाढ' हा निरोप ते आत पोचवतं. काही ट्यूमरमध्ये त्याच्या जीनमध्ये बदल होतो आणि बटण चालूच राहतं. ते बंद करणाऱ्या गोळ्या आहेत.

याची गोष्ट मजेशीर आहे. जेफिटिनिब ही गोळी अमेरिकेत २००३ साली आली. थोड्याच रुग्णांना गुण यायचा, पण ज्यांना यायचा त्यांचा ट्यूमर झपाट्याने आकसायचा. त्यांत बायका, सिगरेट न ओढलेले आणि आशियाई लोक जास्त. २००४ साली बॉस्टनच्या संशोधकांनी कारण शोधलं: हाच तो जीनमधला बदल. मग पूर्व आशियात मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ साली आले. बदल असेल तर केमोपेक्षा गोळी सरस, नसेल तर केमोच बरी. म्हणजे न तपासता गोळी देणंही चूकच.

आपल्या भारतीयांत, फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात, हा बदल साधारण चौघांत एकाला सापडतो. गोऱ्यांत त्याहून कमी.

जाऊबाईंचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आता रोज एक ऑसिमर्टिनिब. यानं रोग मुळापासून जात नाही, हे भाऊजींना मी स्पष्ट सांगितलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या रुग्णांचा आजार सुमारे १९ महिने आटोक्यात राहिला; पुढे ट्यूमर पळवाट काढतो. सात महिने झाले. हल्ली फोनवर खोकल्यापेक्षा अंगावरच्या पुरळाचीच तक्रार जास्त असते.

तिकडे कोणाच्या आईवडिलांना असं निघालं, तर वयाकडे बघून हात टेकण्याआधी डॉक्टरांना ईजीएफआर आणि एएलके तपासलंय का, हे विचारा. ब्लॉक जपून ठेवायला सांगा. तुकडा पुरेसा नसेल तर रक्तातूनही तपासता येतं, पण रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून बदल नाहीच, असं धरू नका.

आणि हो, यंदा मोदकांना हात कमी पडणार. ज्यांना पाकळ्या पाडता येतात त्यांनी मला फोन करावा. उकड कशी काढायची ते जाऊबाई नाशिकहून सांगणार आहेत.