बंदीला अधिसूचना पुरते, मुशीला नाही

शार्कच्या पंखांच्या निर्यातीवर सरकारने बंदी घातली आहे, तर मग बाजारात मुशी, म्हणजे शार्कच, राजरोस कशी विकली जाते, असं एका वाचकाने विचारलं आहे. उत्तर साधं आहे. फेब्रुवारी २०१५ची बंदी पंख परदेशी धाडण्यावर आहे. मुशी पकडण्यावर किंवा तिचं कालवण करण्यावर नाही. त्या बंदीने शार्क वाचतात का, हा खरा प्रश्न.

फारसे नाही. आपल्याकडे शार्क बहुतेक करून दुसऱ्याच मासळीसाठी टाकलेल्या जाळ्यात येतात आणि त्यांचं मटण इथेच खपतं. पंखांचा पैसा वरकड. तो थांबला म्हणून जाळं रिकामं वर येत नाही. बोरिस वर्म आणि सहकाऱ्यांनी २०२४मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जगाचा हिशेब मांडला, तोही याच वळणाचा निघाला. पंख कापून धड समुद्रात फेकण्याविरुद्ध देशोदेशी कायदे झाले, तरी मासेमारीत मरणारे शार्क २०१२मध्ये किमान ७.६ कोटी होते, ते २०१९मध्ये ८ कोटींवर गेले. अख्खा शार्क किनाऱ्यावर आणणं भाग पडलं, तसं त्याच्या मटणाला गिऱ्हाईकही मिळालं. काही भागांत शार्क पकडण्यावर किंवा बोटीवर ठेवण्यावर बंदी होती, तिथे मात्र थोडा उपयोग झाला.

मग सरसकट पकडबंदीच का नको? तीही आपण करून पाहिली आहे. जुलै २००१मध्ये केंद्राने सगळेच शार्क आणि पाकट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकले, म्हणजे मुशी थेट वाघाच्या पंक्तीला बसली. मच्छीमार खवळले आणि डिसेंबरात यादी दहा प्रजातींवर आली.

या गोंधळात मुशीचा विचार मुशी म्हणून कोणी केला नाही. आपल्या किनाऱ्यावरची लहान मुशी, म्हणजे स्कॉलिओडॉन, हा अजब प्राणी आहे. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं. एवढ्याशा बलकावर पिल्लू पोसणं शक्यच नाही, म्हणून गर्भ लवकरच आईच्या गर्भाशयाला चिकटतो आणि नाळेतून पोसला जातो. मासा, पण वार असलेला! (बाळंतिणीला मुशी खाऊ घालणाऱ्या कोकणातल्या आज्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही.) काही शार्कांची पिल्लं आईशी नाळेने जोडलेली असतात, हे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं, त्यावर नीट विश्वास बसायला १८४०च्या सुमारास बर्लिनचे शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यावे लागले. आणि आपल्या मुशीचं वर्णन, तिची राहणी, तिच्या गर्भाची वाढ हे सारं सविस्तर लिहिलं ते मुंबईच्या एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर यांनी, १९४८मध्ये, ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये. ॲरिस्टॉटल शाळेत भेटतो, सारंगधर भेटत नाहीत, याची मला रुखरुख आहे.

कारण बंदीला एक अधिसूचना पुरते, व्यवस्थापनाला सारंगधर लागतात. कोणती जात कधी वयात येते, पिल्लं कुठे आणि कधी होतात, हे कळल्याशिवाय किती पकडावं हे ठरत नाही. लहान मुशी एक-दोन वर्षांत वयात येते. बेताने पकडली तर ती तग धरते, पण डोल जाळ्यात तिची पिल्लंच येत राहिली तर तिचाही निभाव लागणार नाही. हातोडीसारख्या डोक्याच्या हॅमरहेड शार्कला वयात यायला कित्येक वर्षं लागतात. दोघांना एकच नियम लावणं हा आळस आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर डॉगफिश हा छोटा शार्क उपसून संपत आला होता. २०००पासून कोटा बांधला गेला आणि २०१०मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. मासेमारी आजही चालू आहे. अर्थात अशी उदाहरणं थोडी आहेत. सिम्फेनडॉर्फर आणि डल्व्ही या संशोधकांच्या २०१७च्या अंदाजानुसार शार्कांच्या जागतिक पकडीपैकी अवघी ९ टक्के शाश्वत होती. व्यवस्थापनाचा जप करणाऱ्यांनी हा आकडा लपवू नये.

काही जातींना बंदीच हवी. करवत मासा आता इतका विरळ झाला आहे की तो कुठल्याच कोट्यात बसत नाही. व्हेल शार्कला २००१पासून संरक्षण आहे; गुजरातेत जाळं फाडून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला भरपाई मिळू लागली, तसं त्याच्या सुटकेला बळ मिळालं. महाराष्ट्रातही संरक्षित जीव सोडताना फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळते.

तेव्हा पंखांवरची बंदी असू द्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. बंदरावर मोठ्या-छोट्या साऱ्या शार्कांची नोंद ‘मुशी’ या एकाच रकान्यात न करता जातवार व्हायला हवी. महाराष्ट्राने पापलेट-सुरमईसाठी किमान लांबी ठरवली, तसे जातवार नियम शार्कांनाही काटेकोरपणे लागायला हवेत. आणि वाचकहो, पाटीत हातोडीसारख्या डोक्याचं पिल्लू दिसलं, तर ते घेऊ नका.