निजणाऱ्याची साक्ष

निद्रेविषयी जे गैरसमज आपल्या समाजात रूढ आहेत, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत आढळते. ती अशी की, आपल्याला झोप किती लागते आणि ती कशी झाली, याचा निवाडा ज्याचा त्याने करावा. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या पंक्तीस निद्रेला बसवून तिला शरीराचा उपस्तंभ मानले. परंतु आहाराचा हिशेब कॅलरींपर्यंत आणून ठेवणारे आपण झोपेचा जमाखर्च मात्र निव्वळ अदमासाने मांडतो.

'मला पाच-सहा तास पुरतात, आता अंगवळणी पडले आहे,' असे काहीशा अभिमानाने सांगणारे गृहस्थ प्रत्येक कचेरीत भेटतात. वस्तुतः बहुतेक प्रौढांस सात तासांहून कमी झोप पुरत नाही. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांचा जो प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात निरोगी तरुणांपैकी काहींस सलग १४ रात्री सहा तास आणि काहींस चारच तास निजू दिले होते. त्यांचे अवधान दिवसेंदिवस ढळत जाऊन अखेरीस एकदोन रात्री अखंड जागलेल्या माणसाइतके मंदावले. आणि नवल असे की, 'झोप कितपत येते आहे?' या प्रश्नावर त्यांची तक्रार पहिल्या काही दिवसांनंतर फारशी वाढलीच नाही. सवय झाली होती ती थकव्याची जाणीव न होण्याची. शरीराची गरज तसूभरही घटली नव्हती.

झोपेत मेंदू निष्क्रिय असतो, हा समज १९५३ सालीच मोडीत निघायला हवा होता. त्या वर्षी शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, निद्रिस्त माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांआड अधूनमधून वेगाने फिरतात आणि त्या वेळी जागे केल्यास तो बहुधा स्वप्न सांगतो. सुमारे ९० मिनिटांची अशी आवर्तने रात्रभर चालतात; पूर्वरात्री गाढ निद्रा अधिक आणि पहाटेकडे स्वप्ननिद्रा अधिक, असा त्यांचा क्रम असल्यामुळे, पहाटेचे दोन तास छाटणारा मनुष्य स्वप्ननिद्रेचा मोठा हिस्सा गमावून बसतो.

मद्याने झोप चांगली लागते, हेही अर्धसत्यच. डोळा लवकर लागतो खरा, पण अंमल उतरू लागला की उत्तररात्र मोडतोडीची जाते. म्हातारपणी झोपेची गरज फारशी उरत नाही, असे म्हणून वडीलधाऱ्यांच्या निद्रानाशाकडे दुर्लक्ष करण्याचा प्रघात तर निर्दयपणाचाच म्हटला पाहिजे, कारण त्यांची झोप विरळ आणि तुटक होते, गरज मात्र सात-आठ तासांच्या आसपासच राहते. राहता राहिली वामकुक्षी. ती अर्ध्या तासात आटोपणाऱ्यावर आळसाचा ठपका ठेवण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

सर्वांत घातक गैरसमज मात्र घोरण्याविषयीचा आहे. 'काय गाढ झोपलाय!' असे कौतुकाने ज्याच्याविषयी बोलले जाते, त्या इसमाच्या उशाशी घटकाभर बसून पाहावे: घोरणे चढत जाते, एकाएकी बंद पडते, छाती हलत असूनही श्वास आत जात नाही, आणि दहा-वीस सेकंदांनी एक मोठा हुंदका देऊन तो पुन्हा घोरू लागतो. घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटला, रक्तातील प्राणवायू घटला आणि मेंदूने क्षणभर जागे होऊन तो मार्ग उघडला, असा याचा अर्थ. विकार बळावलेला असल्यास हे तासाला तीसहूनही अधिक वेळा घडते. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. दुपारी वर्तमानपत्र हातात धरूनच तो पेंगतो, रक्तदाब औषधाला दाद देत नाही, आणि मोटार चालवताना डोळा लागला तर त्याच्यासह इतरांच्याही जिवावर बेतते. रात्रभराच्या तपासणीने या विकाराचे निदान होते, आणि वजन घटवणे, हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र वापरणे, असे उपायही आहेत. तेव्हा असा कोणी घरात असेल तर त्याला डॉक्टरांकडे एकटे पाठवू नये, ज्याने त्याची झोप डोळ्यांनी पाहिली आहे त्याने सोबत जाऊन हकीकत सांगावी.